कपाटातला प्लेयर टाकून देण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातला जुना इलेक्ट्रॉनिक पसारा कमी कसा करावा, यावर लेख आला होता. लेख उपयोगी होता. त्यातलं बरंचसं मी त्याच दिवशी अमलातही आणलं. तीन निकामी चार्जर आणि बंद पडलेला राउटर ई-कचऱ्यात देऊन मोकळी झाले. पण लेखासोबत एक चौकट होती, 'बिनदिक्कत टाकून द्या' अशा वस्तूंची, आणि तिच्यात पहिलंच नाव एमपीथ्री प्लेयरचं, म्हणजे आत साठवलेली गाणी ऐकवणाऱ्या खिशातल्या यंत्राचं होतं. कारण एका ओळीचं: हे काम आता फोन करतो. ती ओळ मला दोन दिवस टोचत राहिली, म्हणून हे पत्र. लांबलं आहे. कात्री लावायचीच तर मधे कुठेही लावा, शेवटचा भाग तेवढा राहू द्या.

माझ्याकडचा प्लेयर आगपेटीपेक्षाही लहान आहे. मागे कपड्याला अडकवायची क्लिप, पुढे बोटाच्या पेराएवढा पडदा, त्याखाली चार दिशांना चार बटणं आणि मधोमध पाचवं. कडेला आवाज कमी-जास्त करायचं बटण आणि हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची खाच. साठवण ४ जीबी. आजच्या फोनपुढे ही किरकोळच, पण १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट माहिती घेणाऱ्या एमपीथ्री फायलीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे ४ जीबीत साठ-पासष्ट तासांचं ऐकणं बसतं. रोज दोन तास ऐकलं तरी महिनाभर तेच गाणं पुन्हा कानावर पडत नाही.

घेतला होता मी माझ्यासाठी. वापरला अण्णांनी, माझ्या वडिलांनी, त्यांच्या शेवटच्या सहा वर्षांत.

अण्णांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेला. या आजारात माणूस पूर्ण आंधळा होत नाही. कडेकडेचं दिसतं, ज्याच्याकडे थेट बघावं तेवढंच नेमकं पुसलं जातं. दाराची चौकट दिसायची, दारात कोण उभं आहे ते दिसायचं नाही. वर्तमानपत्र गेलं, पुस्तकं गेली, मग फोनही. फोनची काच सगळीकडून सारखीच गुळगुळीत. तिच्यावर बोट कुठे ठेवायचं हे डोळ्यांनीच सांगावं लागतं, आणि चुकून जिथे टेकेल तिथे काहीतरी उघडतं. फोन बोलून दाखवतो, हे मला माहीत आहे. आम्ही ती सोय सुरू केली होती, पंधरा दिवस नेटानं शिकलो. एकदा स्पर्श केला की नाव ऐकू येतं, दोनदा टेकवलं की उघडतं, दोन बोटांनी सरकवलं की यादी हलते. तरुणपणी नजर गेलेली माणसं हे लीलया करतात. ऐंशीच्या पुढे, थरथरत्या बोटांनी ते जमेना. सोळाव्या दिवशी त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अगं, हा माझं ऐकत नाही, मीच याचं ऐकतोय."

मी तीस वर्षं टंकलेखिका होते. न बघता बोटांना जागा सापडणं म्हणजे काय असतं, ते मला कुणी शिकवायला नको. इंग्रजी कळफलकावर एफ आणि जे या अक्षरांवर बारीकसा उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीची सगळी अक्षरं आपापल्या घरी सापडतात. त्याच रात्री मी माझा प्लेयर काढला आणि मधल्या बटणावर नेलपॉलिशचा एक थेंब ठेवला. वाळल्यावर दुसरा, त्यावर तिसरा. सकाळपर्यंत टणक टेंगूळ तयार झालं. अण्णांचा अंगठा त्यावर ठेवला आणि म्हटलं, "हे घर. इथून वर म्हणजे चालू-थांब, उजवीकडे पुढचं, डावीकडे मागचं." दहा मिनिटांत त्यांना ते आलं. संध्याकाळी मी बाहेरून आले तेव्हा ते खुर्चीत बसून ऐकत होते आणि अंगठा त्या टेंगळावर होता.

'फोन करतो' म्हणताना हेच लक्षात घेतलं जात नाही. फोन शंभर कामं करतो म्हणून त्याला काचेचाच पडदा लागतो, कारण शंभर कामांना पुरतील इतकी बटणं बसवायची कुठे? एकच काम करणाऱ्या वस्तूला पाच बटणं पुरतात, आणि ती पाच जन्मभर जागच्या जागी राहतात. झोपेत, अंधारात, थंडीत हातमोजे घालून, खिशातल्या खिशात ती चालतात. शिवाय गाणं चालू असताना कुणाचा फोन येत नाही, निरोपाची घंटी वाजत नाही. माझ्यासारख्या धडधाकट नजरेच्या बाईलाही याचं मोल आहे. अण्णांसारख्यांना तर त्याशिवाय ऐकणंच उरत नाही.

गाण्यांपेक्षा त्यांना वाचन जास्त हवं होतं. तयार ध्वनिपुस्तकांत त्यांच्या आवडीचं फारसं मिळेना, तेव्हा मीच रोज रात्री एक प्रकरण वाचून ध्वनिमुद्रित करायला लागले. नुसत्या बोलण्याला दर्जा फार लागत नाही. मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज) ठेवून ६४ केबीपीएसला मिनिटाला अर्धाच एमबी लागतो आणि शब्द न् शब्द स्वच्छ कळतो. पहिलं पुस्तक एका मोठ्या माणसाचं चरित्र होतं, बावीस प्रकरणांचं. मी फायलींना १, २, ३ असे आकडे दिले आणि प्लेयरवर टाकल्या. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "हा गृहस्थ पहिल्या प्रकरणात जन्मला आणि लगेच दुसऱ्यात निवृत्त कसा झाला?" प्लेयर आकडे मोजत नव्हता, अक्षरं लावावीत तसा लावत होता: १, मग १०, ११, १२, आणि १९ नंतर कुठे २. सगळी नावं बदलून ०१, ०२ केली तेव्हा चरित्रनायक वेळेवर शाळेत गेला. जुन्या प्लेयरवर वाचन ऐकणाऱ्या प्रत्येकाला हे मी आवर्जून सांगते, आकड्याआधी शून्य लावा. काही प्लेयर तर फायली ज्या क्रमानं चढवल्या त्याच क्रमानं वाजवतात, त्यामुळे चढवतानाही एकेक करून क्रमानं चढवलेल्या बऱ्या. आणखी एक, पडद्यावर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. अण्णांना पडदा दिसतच नव्हता म्हणून अडलं नाही, पण ज्यांना दिसतो त्यांनी नावं रोमन अक्षरांत ठेवावीत.

बंद करताना जिथे थांबलो तिथूनच पुढे सुरू होणं, ही या यंत्राची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. अण्णा ऐकता ऐकता झोपत. वीस मिनिटं कुठलंच बटण दाबलं गेलं नाही की प्लेयर आपणहून बंद होईल, असं मी लावून ठेवलं होतं. सकाळी अंगठा दाबला की वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुढे. सुरुवातीला मी रोज विचारायची, "काल कुठपर्यंत ऐकलंत?" नंतर विचारणं सोडलं. त्यांचं ऐकणं त्यांचं झालं होतं, त्यासाठी त्यांना माझी गरज उरली नव्हती. परावलंबी झालेल्या माणसाला एवढीशी गोष्ट किती मोठी वाटते, हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना कळेल.

आपल्या लेखात असंही होतं की २०२२ च्या मे महिन्यात आयपॉडचं उत्पादन थांबलं तेव्हाच हे युग संपलं. आयपॉड थांबला हे खरं. पण हा प्रकार आयपॉडपासून सुरू झाला नव्हता आणि त्याच्याबरोबर संपलेलाही नाही. २३ ऑक्टोबर २००१ ला ५ जीबीचा पहिला आयपॉड 'हजार गाणी खिशात' म्हणून जगापुढे आला, त्याच्या तीन वर्षं आधी, १९९८ मध्ये, दक्षिण कोरियातला एमपीमॅन बाजारात आला होता. त्याची साठवण ३२ एमबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचं गाणं. त्याच वर्षी अमेरिकेत रिओ नावाचा प्लेयर निघाला आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेनं त्याच्यावर दावा लावला. १९९९ मध्ये अपिलात संघटना हरली. आपल्याकडे असलेलं गाणं आपल्यासोबत नेता यावं म्हणून त्याची प्रत प्लेयरवर घेणं हा खासगी वापरच आहे, असं न्यायालयानं म्हटलं. पुढचे सगळे प्लेयर त्या निकालाच्या आधारावर उभे राहिले. सोनी वॉकमन या नावाचे डिजिटल प्लेयर आजही विकले जातात, फियो ही चिनी कंपनी याच कामासाठी ओळखली जाते, आणि स्वस्तातले बिननावाचेही चिकार मिळतात.

एमपीथ्रीबद्दलही लेखात जरा हेटाळणीचा सूर होता, 'दबलेला आवाज' वगैरे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं माणसाच्या कानाचा अभ्यास करून ही पद्धत घडवली. ढोलावर जोराची थाप पडली की त्याच क्षणीची बारीक कुजबुज आपल्या कानाला कळतच नाही. जे कळणारच नाही ते साठवायचं कशाला, हा त्यामागचा विचार. त्यामुळे १२८ केबीपीएसला गाणं सीडीच्या अकराव्या हिश्शात मावतं. झांजेचा झणकार किंवा टाळ्यांचा कडकडाट त्यात थोडा चुरचुरीत होतो, हे मान्य. ज्यांचे कान तेवढे तयार आहेत त्यांनी ३२० घ्यावं किंवा फ्लॅक या प्रकारची फाईल घ्यावी, त्यात तर काहीच गळत नाही. पण खुर्चीत बसून मुलीचा आवाज ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ६४ पुरतं, आणि त्या ६४ ला मी कमी लेखू देणार नाही.

इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवा मीही वापरते. नवीन काही शोधायला त्या उत्तम. पण तिथली यादी आपली नसते. माझ्या आवडीच्या यादीतली दोन गाणी एका सकाळी करड्या रंगाची झालेली दिसली. दाबलं तरी वाजेनात, कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. सेवेचा आणि गाण्याच्या मालकांचा करार संपला की असं होतं. वर्गणी थांबली तर सगळी यादीच जाते. प्लेयरमधल्या फायलीला कुणाशी करार करावा लागत नाही. ती आज वाजते तशीच दहा वर्षांनी वाजते, मात्र तिची प्रत आणखी दोन ठिकाणी ठेवायला हवी. प्लेयरची चिप म्हणजे विजेचा बारीकसा भार धरून ठेवणाऱ्या अब्जावधी कुप्या. वर्षानुवर्षं नुसत्या पडून राहिल्या तर त्यातला भार हळूहळू झिरपतो.

आता तक्रार. अण्णा गेल्यावर मी प्लेयर खणात ठेवून दिला, आणि तो तसाच जवळजवळ दोन वर्षं राहिला. उघडायची हिंमत नव्हती, एवढंच. बाहेर काढला तेव्हा मागचं झाकण एका कडेनं उचललं होतं आणि पडदा फुगून वर आला होता. बॅटरी फुगली होती. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने ठेवली की बिघडते. निम्मी भरून, थंड जागी ठेवली तर खूप टिकते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि प्लेयरसोबत आलेल्या कागदावर ते कुठेही नव्हतं. दुरुस्तीच्या दोन ठिकाणी गेले. दोन्हीकडे न उघडताच उत्तर मिळालं, हा उघडत नाही, याची बॅटरी येत नाही, टाकून द्या आणि नवीन घ्या. दुसऱ्या ठिकाणी तर तो माणूस बोटानं फुगवटा दाबून बघायला लागला. मी त्याचा हात धरला. फुगलेली बॅटरी दाबायची नसते, टोचायची नसते आणि चार्जिंगला तर अजिबात लावायची नसते, ती पेट घेऊ शकते.

तिसऱ्या ठिकाणी एका मुलीनं तो घेतला. प्लास्टिकची पातळ पट्टी झाकणाच्या फटीत घालून ती सावकाश चारी बाजूंनी फिरवत गेली, टक टक करत खाचा सुटल्या, आणि आत नखाएवढ्या सर्किटच्या पाटीखाली ती चंदेरी उशी दिसली. तिच्यावर सहा आकडे छापलेले होते. ते आकडे म्हणजे बॅटरीची मापं असतात, हे मला त्या मुलीनं सांगितलं. पहिले दोन म्हणजे जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागात, मधले दोन रुंदी, शेवटचे दोन लांबी. ३०३०४० असेल तर ३ मिलिमीटर जाड, ३० रुंद, ४० लांब. त्या मापाची ३.७ व्होल्टची बॅटरी मागवली, आठवड्यानं आली, दोन तारा डाग देऊन जोडल्या आणि पडदा उजळला. अर्ध्या तासाचं काम. जे 'येत नाही' म्हणून मला दोनदा परत पाठवलं होतं, ते मापावरून मागवता येत होतं.

बनवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की झाकण चिकटवू नका, दोन स्क्रू लावा. युरोपीय संघानं २०२३ मध्ये बॅटऱ्यांचा नियम केला आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकायच्या उपकरणांतली छोटी बॅटरी, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्यालाच काढता आणि बदलता आली पाहिजे. एका बाजारासाठी स्क्रू लावता येतात तर सगळ्यांसाठी लावता येतील. आणि बटणं ठेवा. सध्या नव्या प्लेयरांतही काचेचे पडदे येऊ लागले आहेत. ते बघितलं की मला अण्णांचा अंगठा आठवतो.

कानांविषयीही दोन शब्द, कारण हेडफोनची बाजू घेऊन मी हे सोडलं तर बरोबर होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं धोक्याचं नाही. ९० डेसिबल झाले की तीच मर्यादा ४ तासांवर येते. आवाज थोडाच वाढवला असं वाटतं आणि वेळ दहापटीनं घटतो. बऱ्याच प्लेयरमध्ये आवाजाला कमाल मर्यादा घालायची सोय असते. मुलांच्या हातात देताना ती आधी लावावी.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं, ते. नवीन बॅटरी लावून प्लेयर संगणकाला जोडला तेव्हा फायलींची यादी समोर आली. गाणी, माझी वाचलेली पुस्तकं, आणि सगळ्यात खाली एक फोल्डर, त्याचं नाव नुसतं 'रेकॉर्ड'. मी ते कधीच उघडलं नव्हतं. या प्लेयरला सुईच्या टोकाएवढा माइक आहे आणि मधलं बटण दाबून धरलं की ध्वनिमुद्रण सुरू होतं, हे मी केव्हातरी वाचून विसरून गेले होते. अण्णांच्या अंगठ्याला ते सापडलं होतं. आत सतरा फायली होत्या. पहिल्या तीन चुकून झालेल्या, खुर्चीची करकर आणि माझा स्वयंपाकघरातून येणारा आवाज. चौथीत त्यांना कळलेलं आहे. घसा साफ करतात आणि विचारतात, "घेतंय का?" मग बराच वेळ काही नाही, आणि मग चष्मा कुठे ठेवला ते सांगतात, म्हणजे विसरल्यावर स्वतःलाच ऐकता यावं म्हणून. लिहिता येत नव्हतं, तर त्यांनी बोलून टिपणं ठेवायला सुरुवात केली होती. औषधांच्या वेळा. कुणाला फोन करायचा राहिला आहे. मी वाचलेल्या एका प्रकरणात मी एक शब्द चुकीचा उच्चारला होता, त्याची नोंद. ती त्यांनी मला कधी बोलून दाखवली नाही. अकरावी फाईल चार मिनिटांची आहे. त्यात ते काहीच सांगत नाहीत, नुसतं गुणगुणतात, मधेच थांबतात, पुन्हा पहिल्यापासून धरतात.

अण्णांचे फोटो आमच्याकडे शेकडो आहेत. आवाज एवढाच आहे. दोन दुकानांचं ऐकलं असतं, किंवा आपली चौकट तेव्हा वाचली असती, तर तो पाटीसकट भंगारात गेला असता आणि काय गेलं ते मला कधी कळलंही नसतं.

त्या फायलींच्या मी तीन प्रती केल्या आहेत. प्लेयर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला निम्मा भरते. नेलपॉलिशचं टेंगूळ थोडं झिजलंय, ते मी तसंच ठेवलं आहे.

आपल्याला विनंती आहे की येत्या रविवारी त्या चौकटीची दुरुस्ती छापावी. एमपीथ्री प्लेयर यादीतून काढाच, असा माझा हट्ट नाही. ज्यांना नको त्यांनी जरूर द्यावा, पण घरातल्या कचऱ्यात न टाकता बॅटरीसाठी असलेल्या संकलनात द्यावा. फक्त त्याच्यापुढे हे शब्द वाढवा: 'बॅटरी फुगलेली असेल तर चार्ज न करता ती आधी बदलून घ्या, मग चालू करून किंवा संगणकाला जोडून आतले सगळे फोल्डर उघडा, रेकॉर्ड, व्हॉइस, माइक अशा नावाचं काही असेल तर ते ऐका.'

आपली,
एक नियमित वाचक
(नाव आणि पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये.)